दुसऱ्याचं काय ठरलंय

कृष्णकांत सर माणूस वाईट नव्हते, आणि मोनाली भोईरचं खरं दुखणं तेच होतं. वाईट माणसाला मनातल्या मनात चार शिव्या घालून मोकळं होता येतं. पण हे सर असे, की तिला आठव्या महिन्यात ऑफिसात चक्कर आली तेव्हा स्वतःची गाडी काढून दवाखान्यात घेऊन गेले. बारशाला त्यांनी चांदीचे वाळे पाठवले. ऑफिसात कोणाच्या घरी आजारपण निघालं की ‘काही लागलं तर सांगा’ हे दोनदा म्हणायचे, आणि दोन्ही वेळा मनापासून. असा माणूस फोनवर बाळाची चौकशी करता करता, अगदी घरच्यासारखा विचारतो, "मग? दुसऱ्याचं काय ठरलंय?" तेव्हा बाईने म्हणायचं तरी काय?

पहिल्यांदा विचारलं तेव्हा तिची लेक पूर्वी जेमतेम दोन महिन्यांची होती. मोनालीला वाटलं, थट्टा करतायत. ती हसली. सरही हसले. पण हसणं संपल्यावर ते थांबून राहिले, आणि तिच्या लक्षात आलं की त्यांना खरंच उत्तर हवंय.

मोनाली विचुंब्याची सून. माहेर उरणच्या अलीकडचं. नवीन पनवेलच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर तिचं ऑफिस. बंदरात परदेशातून माल आला की त्याची कस्टमची कागदपत्रं करायची आणि माल सोडवून मालकाच्या हवाली करायचा, हा त्या ऑफिसचा धंदा. कॉलेज संपवून ती तिथे टायपिंगला म्हणून लागली, आणि सात वर्षांत इम्पोर्ट डेस्कवर जाऊन बसली. डेस्क म्हणजे काचेच्या पार्टिशनमागची एक खुर्ची आणि सतत वाजणारा फोन, बाकी काही नाही. पण माल कुठे अडकला, कशाने अडकला, कोणाशी काय बोललं म्हणजे सुटेल, हे विचारायला सगळे त्या खुर्चीकडे यायचे. ट्रेलरवाले तिला ‘मॅडम’ म्हणायचे, आणि त्यातले निम्मे तिच्या सासरचे भाऊबंद होते. घरी डोक्यावर पदर घेऊन ज्यांना चहा द्यायचा, त्यांनाच ऑफिसात ‘थांबा, नंबर आल्यावर बोलावते’ म्हणायचं! या गोष्टीची गंमत तिला सात वर्षांत कधी शिळी वाटली नाही.

दीपेश, तिचा नवरा, आधी स्वतः ट्रेलर चालवायचा. मणक्यात गॅप पडला आणि डॉक्टरांनी स्टिअरिंग सोडायला सांगितलं. तेव्हापासून तो चुलतभावाच्या गॅरेजवर जाऊन बसतो, जमेल तेवढं करतो. घर मोनालीच्या पगारावर चालतं. हे घरात कोणी बोलून दाखवत नाही, पण तिच्या डब्यातली भाकरी सासू आधी थापते, यातच सगळं आलं.

आता कोणी म्हणेल, सहा महिन्यांची रजा हा कायदा आहे, नोकरी काढता येत नाही, मग भ्यायचं कशाला? नोकरी कोण काढतंय हो! निशाचीही कोणी काढली नव्हती. निशा म्हणजे एक्सपोर्टला बसणारी, मोनालीच्या आधी बाळंत झालेली. रजा संपवून आली तर तिच्या जागेवर दुसरा बसलेला. "तुला धावपळ नको म्हणून," असं म्हणत सरांनी तिला जिन्याशेजारच्या खोलीत जुनी बिलं लावायला बसवलं. पगार तोच. पण तिला फोन नाही, तिच्याकडे कोणी येत नाही, बोलायला माणूस नाही. दोन महिन्यांत निशा स्वतःहूनच गेली. निरोपाला सरांनी केक आणला आणि त्यांचे डोळेही भरून आले.

ती खोली मोनालीच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

सरांचे फोन येत राहिले. "बाळाला कोण बघणार? सासूबाई धडधाकट आहेत ना?" "मिस्टरांचं काय म्हणणं? एकावर थांबायचं की?" "तुमच्या गावाकडे मुलगा लागतोच ना गं, म्हणून विचारलं." एकदा धीर करून, आरशासमोर तीनदा म्हणून बघून, ती म्हणाली, "सर, ते आमचं आम्हीच अजून ठरवलेलं नाही. घरचा विषय आहे." आवाजात जेवढं लोणी घालता आलं तेवढं घातलं.

"अगं, मी काय परका आहे का?" सर हसत म्हणाले. "बरं बरं, राहू दे." आणि दुसऱ्या दिवशी इम्पोर्टच्या व्हॉट्सॅप ग्रुपमधून मोनाली बाहेर. तिने घाबरून फोन केला तर सरांचा आवाज नेहमीसारखाच मायेचा. "बाळाची झोपमोड होत असेल ना मेसेजनी? तू आराम कर. हृतिक बघतोय सगळं."

हृतिक म्हणजे तिच्याच हाताखाली शिकलेला पोरगा. हुशार, हसरा, आणि त्याला कोणीही कधीही विचारणार नव्हतं की बाबा, तुझं लग्नाचं काय, पोरांचं काय.

त्यानंतर तिची झोप गेली. बाळ झोपलं की बायका झोपतात, ही पूर्वीशेजारी पडून उत्तरं जुळवत बसायची. दुसरं नको म्हटलं, तर सर म्हणणार, आत्ता म्हणतेस, उद्या विचार बदलेल. हवं म्हटलं, तर विषयच संपला. माहीत नाही म्हटलं, तर बेभरवशाची. कुठूनही गेलं तरी वाट जिन्याशेजारच्या खोलीतच जाऊन थांबत होती. तिचं दूध कमी झालं. सासू मेथीचे लाडू करकरून थकली.

रजेच्या पाचव्या महिन्यात तो फोन आला. पूर्वी मांडीवर किंचाळत होती, आणि सासू अंगणात सुके बोंबील आत घेत कोणाशी तरी मोठमोठ्याने बोलत होती.

"मोनाली, एक मोठी पार्टी आपल्याकडे येतेय," सर म्हणाले. "त्यांना इम्पोर्टला एकच माणूस हवाय. आज हा, उद्या तो, असं नको. दोन-तीन वर्षं हलणार नाही असा माणूस. हृतिक आहे. पण मला विचारशील तर मला तू हवी आहेस. फक्त मला खात्री दे बाई. उद्या तू परत पोटुशी राहिलीस तर मी त्यांना काय तोंड दाखवू? मोठ्या भावासारखा विचारतोय."

आरशासमोर पाठ केलेलं एकही वाक्य मोनालीच्या तोंडात येईना. आणि मग तिच्याच तोंडून, पण तिला न विचारता, शब्द बाहेर पडले.

"सर, मी ऑपरेशनच करून घेतलंय. सिझर झालं तेव्हाच."

मग सर म्हणाले, "वा! शहाणी आहेस. आधी नाही का सांगायचं? माझं टेन्शनच गेलं." संध्याकाळी ती पुन्हा ग्रुपमध्ये होती. हृतिकने हात जोडल्याचं चिन्ह टाकलं.

मोनाली पूर्वीला खांद्यावर घेऊन थोपटत राहिली. खरं सांगायचं तर तिला दुसरं मूल हवं होतं. मुलगा वगैरे नाही, नुसतं दुसरं. पूर्वीला भांडायला. ती स्वतः एकटी वाढली होती, आणि आईवडिलांच्या आजारपणात दवाखान्याच्या बाकावर एकटी बसली होती. आणि आता एका खुर्चीसाठी तिने, अजून यायचं होतं त्याला, दारातूनच परत पाठवलं होतं.

रात्री जेवताना तिने दीपेशला सांगितलं.

"बोललीस ती बोललीस," तो म्हणाला. "आता आईच्या कानावर जाऊ देऊ नकोस. आईला कलला का गावाला कलला."

हे मात्र शंभर टक्के खरं. हौसा, मोनालीची सासू, मनाने सरळ, कामाला वाघीण, पण सकाळी कळलेली गोष्ट दुपारपर्यंत पोटात ठेवणं तिला जन्मात जमलेलं नाही. त्यात कपट काही नव्हतं. बातमी मिळाली की वाटायची, घरात मासळी जास्त आली की शेजारी देतात तशी.

पण गंमत अशी, की बातमी घरातून बाहेर गेलीच नाही. ती बाहेरून घरात आली. दीपेशचा चुलतभाऊ अविनाश, त्याचे चार ट्रेलर मोनालीच्याच ऑफिसच्या कामावर. एक दिवस त्याच्यासोबत चहा पिताना सर कौतुकाने म्हणाले, "तुमच्या वहिनीने फार चांगलं केलं हां. एका मुलीवर ऑपरेशन! असा विचार करणारी माणसं पाहिजेत तुमच्यात." सरांना खरोखरच कौतुक वाटत होतं. अविनाशने ते बायकोला सांगितलं. तिने भावकीतल्या हळदीच्या घरी, वडे थापायला जमलेल्या बायकांत सांगितलं. आणि तिथे, पिठाचे हात तसेच वर धरून, हौसाने ते ऐकलं. आपल्या सुनेच्या पोटाची बातमी, चुलतसुनेच्या तोंडून, वीस बायकांसमोर.

ती घरी आली ती पिठाच्या हातांनीच. "दीपेस," तिने विचारलं, "खरा हाय का?"

दीपेशने बायकोकडे पाहिलं. मोनालीला तेव्हा त्याच्या डोळ्यांत दिसलं की तो विचारतोय, काय सांगू? आणि तिने मान खाली घातली.

"डाक्तर बोलला, दुसरं झेपनार नाय तिला," दीपेश म्हणाला. "म्हनून केला."

हौसा ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने मोरीत जाऊन हात धुतले. त्या दिवसापासून तिने मोनालीशी बोलणं टाकलं. पूर्वीला तेल लावायची, न्हाऊ घालायची, शेक द्यायची, गाणी म्हणायची, पण सुनेकडे बघायची नाही. जेवणाचं ताट वाढून समोर ठेवायची आणि आत जायची. अख्ख्या आळीत जिचा आवाज घुमायचा, त्या बाईच्या घरात आता मिक्सरचा तेवढा आवाज. मोनालीला वाटायचं, आत जावं, पाय धरावे, सांगून टाकावं. मग जिन्याशेजारची खोली आठवायची आणि ती जागच्या जागी थिजायची.

रजा संपायला आठवडा उरला असताना हौसा स्वतःहून बोलली.

"मंगलवारी माज्या म्हायेरी जायाचा हाय. देवीला. तू पन चल, पोरीला घे."

"कशाला, आई?"

"नवस सोराला."

हौसाच्या माहेरी, खाडीकडच्या गावात, जुन्या मिठागरांच्या बांधावर गावदेवीचं देऊळ आहे. तिथली रीत अशी : ज्याच्यासाठी नवस बोलायचा, त्याच्या नावाने लाल फडक्यात नारळ बांधून देवीसमोरच्या आढ्याला टांगायचा. फळ मिळालं की नारळ सोडून फोडायचा. आणि नवस मागे घ्यायचा झाला, तर ज्याच्या नावाने नारळ बांधला त्यानेच गाठ सोडायची, आणि देवीला आपल्या तोंडाने सांगायचं की आई, आता वाट बघू नको. पूर्वी झाली त्याच आठवड्यात हौसाने मोनालीच्या नावाने नारळ बांधला होता. पुढचं लेकरू होऊ दे, त्याच्या वजनाचा गूळ वाटीन.

"देवीला अशी टांगून ठेवाची नाय," हौसा म्हणाली. "ती पन बाईच हाय. वाट बगत बसल."

मोनाली काही फार देवभोळी नव्हती. उपास करायची नाही, ऑफिसातल्या सत्यनारायणाला प्रसादापुरती जायची. पण त्या देवीसमोर, लेक मांडीवर घेऊन, तोंडाने म्हणायचं की आता वाट बघू नको? सरांना सांगितलेलं खोटं माणसांत फिरत होतं. हे बोललं की खरं होणार, असं तिला आतून, आईच्या दुधातून आल्यासारखं, ठाऊक होतं. आणि खरं बोलावं तर ऐकायला हौसा. आणि सोडायला गाडी अविनाशची, कारण त्याला बंदराकडे जायचंच होतं.

मंगळवारी सकाळी देवळात कोणी नव्हतं. अविनाश बाहेर गाडीपाशी फोनवर बोलत उभा राहिला. आढ्याला कितीतरी नारळ टांगलेले, फडकी रंग उडून पांढुरकी पडलेली. हौसाने एकावर बोट ठेवलं, पूर्वीला आपल्या कडेवर घेतलं आणि म्हणाली, "सोर. आनि बोल."

मोनालीने हात वर केला. गाठ घट्ट होती. "आई," ती देवीला म्हणाली, "मी..." आणि पुढे शब्द येईना. तिने पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथेच अडकली. पूर्वीने आजीच्या खांद्यावरून तिच्याकडे हात पसरला आणि ती मटकन खाली बसली.

"आई, मी आपरेशन नाय केलंय," ती म्हणाली. आता ती सासूशी बोलत होती की देवीशी, तिचं तिलाच कळत नव्हतं. "खोटं बोललंय मी. सायबाला खोटं सांगितलं. तुमाला पन."

हौसाचा हात उगारला गेला. मोनालीने डोळे मिटले. हात पडला नाही.

"दीपेस पन खोटा बोलला?"

"मीच बोलायला लावलं."

"कशाला?"

"सायेब इचारत होता. दर वेलेला इचारायचा. दुसरं कधी, किती, कोन बघनार. नाय सांगितलं तर माझी जागा गेली असती. जिन्याजवल बसवला असता मना, त्या निशासारका."

"पन सायबाला," हौसा म्हणाली, आणि तिचा आवाज एवढ्या दिवसांनी पहिल्यांदा चढला, "सायबाला तुज्या पोटाशी काय करायचा हाय? त्याला काय तिकरूनच माल सोरवाचा हाय?"

सात वर्षांत, एवढे कागद करून, एवढ्या लोकांशी इंग्रजीत बोलून, हा प्रश्न मोनालीला सरांना उलट विचारता आला नव्हता. ती रडायला लागली. हुंदके आवरत तिने सासूचा पाय धरला. "आई, कोनाला सांगू नका. तुमच्या पाया परते. अविनाश सांगल सायबाला. मंग घर कसं चालवायचं? सोमवारी जायचंय मला. आई, घराभायेर कोनाला ठाव नाय."

हौसा उभीच. तिच्या चेहऱ्यावरून एकामागून एक काय काय गेलं. आधी आनंद, तो तिला लपवता आला नाही. सुनेचं पोट शाबूत होतं. मग ते गावाला सांगता येणार नाही, हे कळल्यावरचा सुन्नपणा. हळदीच्या घरी वीस बायकांसमोर खाली गेलेली मान आता खालीच राहणार होती. येता-जाता कोणी ना कोणी हळहळणार, आणि तिने गप्प बसायचं. तिने! हौसा भोईरने!

बाहेर हॉर्न वाजला. मग चपला काढल्याचा आवाज, आणि अविनाश पायरीवर. "काकी, झाला का? सोरला का नारल?"

मोनालीने सासूचा पाय सोडला नाही.

हौसा वळली आणि दारात अशी उभी राहिली की अविनाशला आतलं काही दिसू नये. डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"सोरला," ती म्हणाली. "संपला."

"जाऊ दे काकी. वाईट नको वाटून घेऊ. पोरी पन सांभाळतात हल्ली."

"हा, सांभाळतात," हौसा म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून खरंच पाणी आलं. अविनाश अवघडून परत फिरला. तो गेल्यावर तिने देवीकडे बघून स्वतःच्या दोन्ही गालांवर दोन-दोन चापट्या मारून घेतल्या. नारळ होता तिथेच राहिला. एवढ्या नारळांत कोणाला काय कळणार होतं?

परतीच्या वाटेवर मागच्या सीटवर दोघी, मध्ये पूर्वी. अविनाश फोनवर सरांशी बोलत होता. "हो सर. आत्ताच देवळातून निघालो. वहिनी सोमवारी येतेय ना. नाही नाही, घरी सगळं शांत आहे." सर काहीतरी बोलले असतील, अविनाश हसला. "तसंच सर. आता ती फ्री आहे."

मोनालीने खिडकीबाहेर पाहिलं. सोमवारी ती काचेमागच्या खुर्चीत बसणार होती. हृतिक उठून उभा राहणार होता. सर केक आणणार होते. आणि त्यानंतर दर महिन्याला, पाळी दोन दिवस लांबली की, तिच्या काळजाचं पाणी होणार होतं. ज्या गोष्टीची वाट बघायची तिचीच धास्ती घेऊन जगायचं. किती वर्षं? सर म्हणाले होते दोन-तीन. मग पुढे? मग ऑपरेशन कसं उलटलं म्हणून सांगायचं?

हौसा तिच्याकडे झुकली. इतक्या जवळ की तिच्या केसांतल्या खोबरेल तेलाचा वास आला. आणि आयुष्यात पहिल्यांदा ही बाई कुजबुजली.

"गो," ती म्हणाली, "तुला हवं हाय का दुसरं?"

मोनाली तिच्याकडे बघतच राहिली. सरांनी ‘कधी’ ते विचारलं होतं. आळीतल्या बायकांनी ‘मुलगा कधी’ ते विचारलं होतं. दीपेशनेसुद्धा ‘काय सांगू’ एवढंच विचारलं होतं. हे मात्र कोणीच विचारलं नव्हतं.

"हवंय," ती म्हणाली. आणि पुढे बसलेल्या अविनाशला ऐकू जाऊ नये म्हणून, पूर्वीच्या दुपट्यात तोंड खुपसून रडली.